पंधरा दिवसांनी येणारे सर

साळवे सर गेल्याचं मला वांग्याच्या सरीत कळलं. तीर्थपुरीहून त्यांच्या शेजारणीचा फोन होता. सकाळी दार उघडलं नाही म्हणून लोकांनी कडी तोडली, झोपेतच गेले होते, एवढंच ती बोलली. मला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं... पण शेतात मी एकटीच होते आणि घरीही कुणी नव्हतं. मग उरलेल्या दोन सऱ्यांतली वांगी तोडली.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत मी सोळा वर्षं पाकिटं भरली. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर घनसावंगीजवळचं आमचं दोन एकर रान पडीक राहू नये म्हणून नोकरी सोडून गावी आले. बियाणं रोज हातात असायचं, पण रोप कसं जगवतात ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडं ऊस आणि कापूस. भाजीपाला म्हणजे बांधावरची चार झाडं. हे तुझ्यानं व्हायचं नाही, असं चुलतभावानं सरळ सांगितलं. त्याच सुमारास तीर्थपुरीत एका संस्थेनं नव्यानं फळं-भाजीपाला करणाऱ्यांसाठी वर्ग काढला. शिकवायला साळवे सर, निवृत्त कृषी सहायक. पहिल्या दिवशी वर्गात मी एकटीच बाई. सरांनी प्रत्येकाला पाणी किती, जमीन कशी, हे विचारलं. मला आणखी एक विचारलं, की शेतात अडलं तर बोलायला कोण आहे? कुणी नाही, मी म्हणाले. सर पुढच्या माणसाकडं वळले.

वर्ग सहा आठवड्यांत संपला, पण शिकणं नंतरच झालं. पुढची दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी सर प्रत्येकाच्या रानात यायचे. गाडी बांधाशी लावायची, चपला काढायच्या आणि एक शब्द बोलण्याआधी सगळ्या सऱ्यांतून चालून यायचं. ठिबकची नळी कुठं तुंबली ते त्यांना तळपायाला कळायचं. पहिल्याच उन्हाळ्यात मी थोडी मिरची लावणार होते, तर ते म्हणाले, टोमॅटोच लावा, अर्धा एकर, आताच. मी लावले. पांढरी माशी आली, पानं मुरडली, झाडं गुडघ्याएवढीही झाली नाहीत. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून मी आठ दिवस सरांचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी सर न सांगता आले. सऱ्यांतून चालले, परत आले आणि खाली बसून पहिलं झाड मुळासकट उपटलं. दिवसभर आम्ही दोघं उपटत होतो. खड्डा घेऊन सगळं पुरलं. वर्गातल्या सगळ्यांच्या पुढच्या बैठकीत त्यांनी मला उभं केलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर कान उपटणार.

"ताईचा प्लॉट गेला, तो माझ्यामुळं गेला," सर म्हणाले. "उन्हाळ्यात माशीचा जोर असतो, मला बराबर माहीत होतं. तरी मी घाई केली. त्यांनी काहीच चुकवलं न्हाई, हे ध्यानात ठेवा."

चुलतभावही त्या दिवशी मला न्यायला आल्ता, मागं उभा होता. त्यानं ते ऐकलं. माझ्या रानाबद्दल तो नंतर कधी काही बोलला नाही. मी शेतकरी झाले ती त्या दिवशी, असं मला वाटतं.

दोन वर्षं संपली, संस्थेचं काम थांबलं, तरी सर येतच राहिले. आता अडण्यासारखं माझं फारसं काही नव्हतं. शेवटचे आले तेव्हा भेंडीची तोड चालू होती आणि माल न्यायला जीप यायची होती. "तुमचं चालू द्या, मी बसतो जरा," म्हणाले आणि कडूलिंबाखाली बसले. मी क्रेट भरत राहिले. मधे एकदा बघितलं तर ते माझ्याकडंच बघत होते, काहीतरी विचारावं तसे... मी हसले आणि परत कामाला लागले. थोड्या वेळानं गाडीचा आवाज आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सरांच्या घरी गर्दी होती, तेव्हा मी आत शिरलेच नाही. तीन आठवड्यांनी परत गेले. सरांचा मुलगा पुण्याला निघून गेल्ता, किल्ली शेजारणीकडं होती. दोन खोल्या. आतल्या खोलीत ओट्यावर गॅसची शेगडी, तिच्यावर अंथरलेला पेपर पिवळा पडलेला. एक ताट, एक तांब्या. तेलाची बरणी नाही, मिठाचा डबा नाही. मी दर वेळी पिशवी भरून द्यायचे ती भाजी सर कुठं करायचे, असं मी शेजारणीला विचारलं.

"भाजी व्हय? ती आमच्याकडं द्यायचे," ती म्हणाली. "सरांच्या बाई वारल्यापासून त्यांनी शेगडी पेटवलीच न्हाई. खानावळीचा डबा यायचा. तुमच्याकडं जायच्या दिवशी मात्र डबा नको म्हणून सांगायचे."

सर नेहमी बाराच्या सुमाराला यायचे. माझी भाकरी झाडाला टांगलेली असायची. ते गेले की मी ती सोडून खायचे, एकटीच. जेवूनच जा सर, असं इतक्या वर्षांत माझ्या तोंडून एकदाही आलं नाही.