नानांची भजी

सुतकात तळण नसतं. नाना, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून आमच्या घरात कढई चढली नव्हती. ती गोडाच्या जेवणाच्या दिवशी चढली आणि मला प्रकाशा गावचा नदीघाट आठवला.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. नाना शेतातून आले की मला घाटावर न्यायचे. तिथं यात्रेकरूंसाठी एक भजीवाला कढई मांडून बसे. रोजच्या भज्यांनी माझं पोट इतकं बिघडलं की वैद्यबुवांनी हात टेकले. मग माय मला घेऊन थेट भजीवाल्यावर धावून गेली.

"मी फक्त तळस, वहिनी," तो शांतपणे म्हणाला. "तिले आठे लई कोन येस, ते पहा."

घेऊन येणारे नाना मागं उभे राहून नदी बघत होते.

तीर्थाच्या ठिकाणी आवडता पदार्थ सोडायची रीत आहे. एकदा सोडला की पुन्हा शिवायचं नाही. मायनं मला पाण्यात उभं केलं, ओंजळ भरायला लावली.

"म्हन, भजी सोडी."

"कितला दिन?"

"जलमभर."

मी असा गळा काढला की देवळातली माणसं बाहेर आली. तेव्हा नाना धोतर वर धरून पाण्यात उतरले. "सवय मीच लाई. मीच सोडस," म्हणाले आणि त्यांनी पाणी सोडलं. काठावर भजीवाल्यानं डोळे पुसले. त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथंच. नानांनी तळलेली मिरची उचलली.

माय ऐकून म्हणाली, "आते हाई काय?"

"मिरची थोडीच सोडेल शे?"

मला त्यांनी कधी अडवलं नाही. मी भज्याचा घास घेतला की फक्त विचारायचे, "कशी शे?" नुसतं 'चांगली' चालत नसे. कुरकुरीत कुठवर, ओवा कधी लागला, आत कच्चं आहे का, सगळं सांगावं लागे. सांगेपर्यंत उरलेली भजी गार होऊन जात. महिन्याभरात मी कंटाळले आणि घाटावर जायचंच सोडलं. पोट बरं झालं. मिरचीसाठी नाना मात्र एकटेच जात राहिले.

गोडाच्या जेवणाला वहिनीनं नानांच्या पानावर भजी वाढली. भाऊ म्हणाला, "त्यांनी सोडेल व्हती. मिरची वाढ."

भजी काढून दोन मिरच्या ठेवल्या. मी माझ्या पानावरचं भजं उचललं, चावलं.

"कांदा कमी शे, नाना," मी हळूच सांगितलं.