मरळीच्या पिलांचा बाप

मंदाकिनी गुप्तेला मासळी जीव की प्राण. कायस्थाच्या घरातली मुलगी, त्यात नवल ते काय? पण मासा ताटात येण्याआधी कसा जगतो, याची चौकशी करणारी त्या घराण्यात ही पहिलीच. डोंबिवलीच्या शाळेत ती शास्त्र शिकवी आणि सुटीच्या दिवशी पदर खोचून मानपाड्याच्या तळ्यावर जाऊन बसे. लोक म्हणत, लग्नाचं वय टळलं की माणसं अशीच काहीतरी करतात. म्हणोत बापडे.

त्या तळ्यावर मासे धरणाऱ्या धाकूने तिला एकदा मरळ माशाचं गुपित सांगितलं, "बाय, मरलीची पिलं बाप संबालतो. आई अंडी टाकून मोकली."

तिला ते तिथल्या तिथे पटलं. ती तीन वर्षांची असताना आई गेली. ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या वडिलांनी तिच्या वेण्या घालून, डबा भरून तिला वाढवलं. बापाला काय जमणार, म्हणणारे नातेवाईक तिने लहानपणापासून ऐकले होते. तिने लेख लिहिला आणि मुंबईच्या एका मासिकाला धाडला. संपादक कॉलेजातले प्रोफेसर. त्यांचं उत्तर आलं, कोळ्यांच्या गप्पा म्हणजे शास्त्र नव्हे; पुरावा असेल तर पाठवा.

पुरावा म्हणजे फोटो, आणि तोही पाण्याखालचा. फोर्टातल्या दुकानदाराने तिला कॅमेरा आत ठेवून पाण्यात बुडवायच्या परदेशी पेटीचं चित्र दाखवलं. किंमत तिच्या वर्षाच्या पगाराहून जास्त. ती ऐकून हिने आधी प्यायला पाणी मागितलं.

डोंबिवलीत स्टुडिओ चालवणारा परशुराम शहाणा माणूस. तो म्हणाला, "डबा कॅमेरा स्वस्त आहे, पण त्याला जवळचं नीट दिसत नाही. चांगला कॅमेरा रबरी पिशवीत घालून बुडवाल, तर पहिल्याच बुडीला त्याचं श्राद्ध. मुळात कॅमेऱ्याला पाण्यात घालायचं कशाला, बाई? त्याला नुसती खिडकी द्या."

त्याने तिला एक जुना घडीचा कॅमेरा काढून दिला. कातडं फाटलेलं, पण भिंग स्वच्छ आणि अंतराची, फुटांचे आकडे असलेली चकती शाबूत. रॉकेलच्या डब्याचा तळ कापून तिथे खिडकीच्या तावदानांना लावतात त्या लांबीने काच बसवली, आतून काळा रंग दिला. हा डबा वीतभर पाण्यात दाबायचा आणि आतून कॅमेरा खाली रोखायचा. एवढ्यात काम भागलं.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दुपारी धाकूने तिला होडीतून नेलं. वर तांबूस पिलांचा घोळका, खाली काळसर मोठा मासा. बाई शास्त्राची, अंदाजपंचे काम तिला खपत नसे. खुणा केलेला बांबू अलगद सोडून तिने अंतर मोजलं. चार फूट भरलं. मासा जरा सरकला, पण गेला नाही. चकती चारावर ठेवून तिने आख्खा रोल संपवला.

आठच्या आठ फोटो धुरकट निघाले.

तिचा उतरलेला चेहरा बघून धाकू हसला. "मोजलास कशाला, बाय? मासा दिसतो तेथं नसतो. त्याच्या खाली असतो. भाला मारताना आमी खाली मारतो."

मंदाकिनीने कपाळावर हात मारला. पाणी ओतलं की वाटीतलं नाणं वर आल्यासारखं दिसतं, हे दरवर्षी मुलांना दाखवणारी बाई ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कॅमेऱ्यालाही डोळ्याला दिसतं तेच दिसणार. पुढच्या रविवारी तिने बांबू घरी ठेवला, डोळ्याने अंतर जोखलं आणि चकती तीनावर आणली.

एक फोटो लख्ख निघाला. पिलांच्या खाली मासा, तोंड वर करून सरळ भिंगाकडे बघणारा. परशुरामच्या स्टुडिओत ती सगळ्यांदेखत रडली.

प्रोफेसरांचं पत्र आलं. फोटो अप्रतिम, अवश्य छापू. मात्र हा नर आहे कशावरून? बाहेरून ते ओळखता येत नाही. मासा धरून पोट फाडून पाहा आणि कळवा, म्हणजे लेख 'बाप' म्हणूनच छापता येईल.

पत्र घेऊन ती तळ्यावर गेली. धाकूला त्यात काही अवघड वाटलं नाही.

"संध्याकालपावत काढून देतो. पिलांत गल सोडला का तो येतोच. पिलं सोडून पलत नाय तो."

"आणि पिलांचं काय होईल?"

"दोन दिसांत बाकीचे मासे खातील."

'बाप' हा एक शब्द छापून यावा म्हणून तिने एवढा उपद्व्याप केला होता. तिला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पिलं अजून करंगळीएवढीही झाली नव्हती.

"नको, धाकूदादा," ती म्हणाली.

"मंग तुजा कागद?"

"बापाशिवाय छापू दे."

घरी येऊन तिने पोस्टकार्ड लिहिलं, मासा कापलेला नाही, कापणारही नाही. 'बाप' हा शब्द गाळून 'पालक' असे छापावे.