राहू दे, येऊ दे

आमच्या रस्त्याच्या कामात दोन शब्दांवर माणसाचा जीव असायचा. डंपर मागे घ्यायचा झाला की "येऊ दे" आणि थांबवायचा झाला की "राहू दे". उन्हाळ्यात यांत कधी घोटाळा झाला नाही. थंडीत मात्र प्रत्येकाच्या कानावर लोकर चढायची आणि लोकरीतून दोन्हींचं शेपूट तेवढं ऐकू यायचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जोतिबाच्या रस्त्यावर नवाकोरा मुकादम होतो. पावसाळ्यानं पाडलेले खड्डे आम्ही थंडीत बुजवायचो. सकाळी डोंगराच्या कुशीत असं धुकं साचायचं, की शेजारी कोण खोकतोय ते आवाजावरून ओळखावं लागे. त्यात माझे कान जन्मापासून कपाच्या कानासारखे बाहेर आलेले. थंडी आधी तिथंच येऊन बसायची. म्हणून मी माकडटोपी घालायचो, डोळ्यांपुरती फट ठेवून. तोंडही आत. मुकादमाचं तोंड हेच त्याचं हत्यार, आणि मी ते म्यानात घालून फिरत होतो.

त्या दिवशी खडीचा डंपर मागे येत होता. मागच्या खड्ड्यात आमच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई, जिला सगळे मावशी म्हणत, वाकून खराट्यानं माती काढत होती. कानांवरून शाल घट्ट बांधलेली. मला ती दिसली आणि मी ओरडलो, "राहू दे, राहू दे." मी टोपीतून ओरडलो, ड्रायव्हरनं मफलरमधून ऐकलं आणि गाडी आणखी जोरात मागे घेतली.

पायाखालची जमीन हादरली तेव्हा कुठं मावशीनं वर बघितलं आणि बाजूच्या चरीत उडी टाकली. टायरखाली तिचा खराटा गेला. त्याच्यामागे मी ऐटीत उभी केलेली माझी सायकल गेली. तिच्या कडकडाटानं डंपर थांबला, नाहीतर मी अजून ओरडतच होतो.

ड्रायव्हरनं खाली उतरून माझी सगळी बोलणी ऐकून घेतली. मग शांतपणे म्हणाला, "मला 'ऊ दे' एवढंच आलं बघा, मुकादम. आधीचं मी लावून घेतलं."

मावशी गुडघ्याएवढा चिखल घेऊन चरीतून वर आली. तिनं आधी सायकलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"टोपीतनं काय म्हणलासा ते देवाला बी कळलं नसंल. घरात नातवंडं हायती माझी. मला काय एवढ्यात मरायचं न्हाय."

मी तिथल्या तिथं ठरवलं, ही बाई आणि बाकीचे सगळे थंडी संपेपर्यंत जसे येतात तसेच घरी जातील. चपटी सायकल खांद्यावर घेऊन चालत घरी जाताना निश्चय आणखी पक्का झाला. वाट लांब होती.

दुसऱ्या दिवशी मी देवळाजवळच्या दुकानातून शिट्टी आणली. डंपर हलला, मी फुंकली. डंपर थांबला की नाही हे दिसायच्या आत धुक्यातून वडापची जीप येऊन माझ्याजवळ उभी राहिली. त्या रस्त्याला सीट भरत फिरणाऱ्या या जीपना लोक शिट्टी मारूनच थांबवत, हे मी विसरलो होतो. "बसा की पावणं, एक सीट हाय," आतून आमंत्रण आलं. पुढच्या शिट्टीला दुसरी जीप आली. धोक्याच्या जागी आणखी गाड्या गोळा करणारा सुरक्षेचा उपाय मी शोधून काढला होता.

मग घमेलं घेतलं. खडी वाहायचं लोखंडी घमेलं झाडाला टांगलं आणि त्यावर पहार हाणली. ठणका दाढांपर्यंत गेला. नियम असा केला, की ठणका म्हणजे थांब. वाजवायचा कुणीही, का वाजवला ते गाडी थांबल्यावर विचारायचं. डंपर मागे येताना कान उघडे. कामावर 'दे' बंद.

गँगनं मनसोक्त थट्टा केली. आरती किती वाजता, प्रसादाला काय, असं विचारून झालं. कुणी जेवणाचा डबा उघडला तरी घमेलं वाजायचं. मी म्हटलं, खोटा ठणका झाला तरी गाडी थांबली पाहिजे. ड्रायव्हर मफलर सोडेना, तेव्हा भरलेला डंपर जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच उभा ठेवला. वरच्या साहेबांकडून मला बोलणी बसली, ती खाल्ली. शेवटी त्यानं मफलर गळ्यात घेतला, तोंडातल्या तोंडात माझा उद्धार करत.

आणि मग जानेवारीत एका सकाळी थंडी अशी झोंबली, की मी हळूच माकडटोपी चढवली. नियम करणाऱ्याला कसला नियम. एका खड्ड्याची खोली पायानं चाचपत होतो, तेवढ्यात घमेलं वाजलं. टोपीतून ते लांब कुठंतरी वाजल्यासारखं वाटलं. कुणीतरी डबा उघडला असणार, म्हणून सावकाश वळलो, तर डंपरचं मागचं फळकूट माझ्या नाकासमोर उभं.

गाडी केव्हाच थांबली होती, तरी मावशी घमेलं बडवतच होती. मग पहार टाकून ती माझ्याकडं आली आणि हात पुढं केला.

"टोपी."

मी दिली.

उरलेला हंगामभर सगळ्या गँगनं त्या टोपीला डांबराचे हात पुसले. तिच्या देखत मी उघड्या कानांनी काम केलं आणि उन्हाळा लागला तेव्हा आम्ही सगळे होतो तेवढेच होतो. थंडी पडली की माझे कान अजून ठणकतात.

ठणकू दे.