माडाचं पांघरूण

अगं, फोन नीट कानाशी धर आणि ऐक. दुबईतल्या अल बर्शाहून शारजा काय परदेश आहे, की तीन महिने आईकडे फिरकली नाहीस?

यंदाच्या थंडीत आपला रत्नागिरीहून आणलेला छोटा माड करपला. झावळ्या तपकिरी पडल्या, म्हणून खराट्यासाठी मी चार कापल्या. तर आमच्या बिल्डिंगचा पठाण माळी धावत आला. माणसांशी तो मान वर करून बोलत नाही, झाडांना मात्र हबीबी म्हणतो. मला म्हणाला, "खाला, ठंड में किसी का कंबल खींचते हैं क्या?" आणि माझ्या हातातल्या झावळ्या घेऊन त्याने शेंड्याभोवती सुतळीने परत बांधल्या!

मग रोज सकाळी मधला कोंब दोन बोटांनी हलकेच ओढून बघायचा. हातात आला असता तर माड गेलाच म्हणायचा. "पकड़ के बैठा है," एवढंच सांगायचा. मग कुठे माझा चहा घशाखाली उतरायचा.

परवा कोंब उलगडला, हिरवागार! आता ऊनही तापलंय, तेव्हा सुकलेल्या झावळ्या त्यानेच उतरवल्या. आज दार उघडते तर उंबऱ्याशी नवा खराटा. बांधलाय अगदी सैल, पण मी तो सोडून पुन्हा बांधणार नाही. रविवारी ये गं, माडाला नि खराट्याला, दोघांनाही बघून जा.