मानेची मेहनत

आखाड्याची माती रोज फावड्यानं उकरावी लागते, तशा या गोष्टी. एक वर काढली की खालून दुसरी निघते. बोरी अरबला बाजारामागं आमचा आखाडा होता, साठ सालाच्या आसपास. उस्ताद म्हणजे रहीमभाई सायकलवाले. दिवसभर लोकांच्या सायकली सरळ करायचे आणि सकाळी आम्हाला.

त्यांचं एकच म्हणणं, "डोकं सांगून सुधरत नाई बेटा. त्याले आंगाकडून सांगा लागते."

*

पोस्टातले दिगंबरराव भारी तापट. शिक्का असा हाणायचे की पाकीट फाटायचं. उस्तादांनी त्यांना सांगितलं, "राग आला का पहिले बैठका मारा. मंग बोला."

भल्या माणसानं ते मनावर घेतलं. भाजी खारट झाली, बैठका. धोतर वाळलं नाही, बैठका. उठताना धाप लागलेली, बोलणार काय डोंबल!

शेवटी त्यांच्या बायकोनं उस्तादांना दुकानात गाठलं. "उस्ताद, यायले पहिले होते तसंच करा. भांडाले कोनी नाई, घरात करमून नाई राह्यलं."

उस्तादांनी हातातलं चाक खाली ठेवलं. "मंग वहिनी, आता भांडन तुमी सुरू करा ना."

*

कुस्तीआधी जोडीदाराच्या पाठीला माती चोळायची, हा आखाड्याचा रिवाज. जिनिंगमध्ये कापसाचे बोरे वाहणारा सुखदेव एकदा पाटलाच्या बापूसमोर उभा राहिला. बापूचे हात काही पुढं येईनात. पाटलाच्या घरी सुखदेवच्या वस्तीतल्या माणसाला शिवत नसत.

"माती लाव, नाई त घरी जाय," उस्ताद म्हणाले.

बापू खाली वाकला. मग ओंजळभर माती उचलून त्यानं सुखदेवच्या पाठीला चोळली.

घरी आईनं त्याला अंगणातच अडवलं, आंघोळ केल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही म्हणून. बापू म्हणाला, "माय, उद्या बी लावनार हाय. पानी रोजच तापवत जाय."

मला हा पोरगा तेव्हापासून आवडतो.

*

सुखदेव अंगानं बैल, पण कुस्ती जिंकायचा नाही. समोरच्याची पाठ टेकायला आली की याचे हात सुटायचे. त्याच्या घरानं छप्पन सालीच बौद्ध धम्म घेतला होता.

"देव सोडले उस्ताद, जुने रिवाज सोडले," तो एकदा म्हणाला. "पन मान ऐकत नाई. मोठ्या घरचा मानूस दिसला का आपोआप वाकते. माह्या बापाची बी तशीच." डोळे भरून आले होते त्याचे.

उस्तादांनी त्याचे सगळे डाव बंद केले. फक्त मानेची मेहनत. जोडीदारानं दोन्ही हातांनी मान खाली दाबायची, यानं ती वर आणायची. दाबायला कोण, तर बापू.

"बापूच काहून?" मी विचारलं.

"जिथं वाकते तिथंच दुरुस्ती," उस्ताद म्हणाले, सायकलवालेच ते!

*

एका सकाळी सुखदेवचा डबा घेऊन त्याचे वडील आले, किसनबाबा. पाटलाच्या गल्लीतून यायचं म्हणून जुन्या सवयीनं चपला हातात. दारातून आत पाहिलं, तर पाटलाचा पोरगा आपल्या लेकाची मान दाबून राहिलेला. डबा तिथंच पडला. म्हातारा धावत मातीत आला आणि त्यानं बापूचे पाय धरले.

"सोडा मालक. काय चुकलं असन लेकराचं, मले मारा."

बापू रडायलाच लागला. पाय सोडवून घ्यायचंही त्याला सुचेना.

सुखदेवनं बापाला खांद्याला धरून उठवलं. "बा, हा मारून नाई राह्यला. मीच म्हनतो त्याले दाब म्हनून. पाह्य."

तो परत वाकला. बापूनं डोळे पुसले आणि सगळं वजन टाकलं. सुखदेवची मान वर आली, तसाच तो आत घुसला आणि बापूला त्यानं पाठीवर पाडलं. या वेळी हात सुटले नाहीत.

"चीत झालो ना बे," बापू खालून म्हणाला, "सोड आता."

किसनबाबा ते बघत उभे होते. मग त्यांनी चपला कडेला ठेवल्या, डोक्याचा पटका सोडून लेकाच्या हातात दिला आणि बापूसमोर जाऊन मान पुढं केली.

बापूनं उस्तादांकडं पाहिलं. त्यानं भीतभीत म्हाताऱ्याच्या मानेवर हात ठेवले.

"असा काय गोंजारून राह्यला, बापू?" किसनबाबा म्हणाले. "जोर लाव."