बॉसचा ओबो आणि खोटी दाद

माझा नवरा आपणहून कधी गाणं ऐकायला गेलेला नाही. स्वतःच्या लग्नात सनईवाल्यांना आवाज कमी करायला सांगणारा माणूस तो. पण कावासाकीच्या ऑफिसातल्या जपानी बॉसनं आपल्या हौशी मंडळींच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं आणि हिगाशी-कसाईच्या आमच्या घरात संगीतप्रेमाला एकदम ऊत आला. बॉस ओबो वाजवतो. सनईच्याच जातीचं, दोन पात्यांतून फुंकायचं लाकडी वाद्य. सोबत व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो, आणि वाजवायला युरोपातली अडीचशे वर्षांपूर्वीची रचना. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं आणि ते वाढवणं बॉसच्या हातात होतं. संगीतप्रेमाचं मूळ एवढंच.

पुण्याहून आलेले सासरेही बरोबर होते. इथे लोक खोकलासुद्धा एक भाग संपेपर्यंत दाबून ठेवतात. संथ भागात ओबोनं एक लांब सूर अलगद उचलून धरला आणि सासरे मांडीवर थाप देऊन म्हणाले, "क्या बात है!" सगळ्या माना वळल्या. नंतर नवरा वाकून वाकून माफी मागत सुटला. बापाकडे असा बोट दाखवत होता, जणू ती ट्रेनमध्ये दुसऱ्याच कुणीतरी विसरलेली पिशवी. बॉस मात्र खूश होता. त्या एका सुरासाठी तो कित्येक महिने मेहनत करत होता म्हणे, आणि लोक आपले "छान झालं" एवढंच म्हणून घरी जायचे.

झालं. लाज आणणारे बाबा एका रात्रीत कामाचे बाबा झाले. पुढच्या कार्यक्रमाला नवऱ्यानं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

"बाबा, तीच जागा आली की म्हणा हं."

जागा आली. सूर थरथरला आणि घसरला. नवऱ्यानं कोपर मारलं. सासरे गप्प. शेवटी हा स्वतःच ओरडला, "वाह!" तेव्हा ओबो थांबला होता आणि बॉस वाद्यात साचलेलं पाणी फुंकून काढत होता. इतका अडाणी लाळघोटेपणा मी जन्मात पाहिला नाही.

बाहेर बॉसनं सासऱ्यांना विचारलं, आज आपण काहीच बोलला नाहीत?

"सांग त्यांना," सासरे नवऱ्याला म्हणाले, "आज सूर लागला नाही. मागच्या वेळी लागला होता."

नवरा तोंडभर हसून जपानीत म्हणाला, "बाबा म्हणतात, इतकं सुंदर झालं की शब्दच सुचले नाहीत."

मी पाळणाघरात पार्ट-टाइम काम करते. माझं जपानी त्याच्यापेक्षा बरं आहे. मी सासऱ्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. बॉस त्यांच्यापुढे कमरेतून वाकला. पाती चिरली होती, म्हणाला, वाजवताना मलाही कळत होतं.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. त्या संध्याकाळी नवरा केक घेऊन आला.

"बघितलंत बाबा? शेवटी माझी 'वाह'च कामाला आली."

सासऱ्यांनी बशी बाजूला सारली आणि मला विचारलं, परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळेल का.