चाचांच्या पसंतीचा माणूस

रियाधमधल्या आम्हा मराठी मंडळींत सर्वांत स्वतंत्र माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या चाचांकडे बोट दाखवीन. मग त्यांना अंथरुणातून उठायला दुसऱ्याचे हात लागत असले तरी. पहिल्याच भेटीत मी माणुसकीच्या उमाळ्यात त्यांची चाकाची खुर्ची न विचारता ढकलली आणि त्यांना थेट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन सोडलं. चाचा शांतपणे म्हणाले, "आता आणलंसच मेल्या, तर पाव तरी घे. मी मशिदीत निघालो होतो."

चाचा रत्नागिरीकडचे, बांधकाम कंपनीत नकाशे काढणारे. साइटवर पडले आणि पाय गेले; हात आणि जीभ मात्र शाबूत. कंपनीने त्यांना ठेवून घेतलं, मदतीला माणूसही दिला, पण माणूस निवडणार चाचाच! त्यांची मुलाखत जगावेगळी. आपण पलंगावर बसायचं, उमेदवाराला स्वतःच्या चाकाच्या खुर्चीत बसवायचं आणि उकळता चहा आपल्या हाताने त्याच्या तोंडाला लावायचा. जो मुकाट पिईल तो नापास. "ज्याला स्वतःसाठी 'थांबा' म्हणता येत नाही, तो माझं 'थांब' काय ऐकणार?" मलबारचा हमीद तेवढा म्हणाला होता, "चाचा, पहले फूँकने दो!" तो तिथल्या तिथे कामाला लागला.

मग सौदीकरणाचे दिवस आले. पटावरची परदेशी माणसं कमी करायची म्हणून कंपनीने हमीदची जागाच काढली. त्याऐवजी ठेकेदाराची माणसं आळीपाळीने येणार होती. म्हणजे रोज सकाळी नवा अनोळखी माणूस चाचांना उचलणार, आंघोळ घालणार, तीही त्याच्या सवडीने. चाचांनी तरुण सौदी मॅनेजरला जेवायला बोलावलं, आणि साक्षीला मला. तो बिचारा अदबीने सांगत होता, "चाचा, सगळे प्रशिक्षित लोक आहेत."

"उत्तम," चाचा म्हणाले. "मग उद्यापासून तुमच्या डोक्यावरचा रुमालही ठेकेदाराचाच माणूस बसवेल. रोज वेगळा. घडी त्याच्या मर्जीची."

मॅनेजरचा हात झटकन आपल्या कडक इस्त्रीच्या रुमालाकडे गेला. मग तो खदखदून हसला. "खलास, चाचा!" म्हणजे अरबीत, झालं, विषय संपला. कागदपत्रं ठेकेदाराकडे, माणूस चाचांच्या पसंतीचा, असं ठरलं.

आणि महिनाभरात हमीदच म्हणाला, मला गावी परत जायचंय. अख्खी इमारत त्याला कृतघ्न म्हणाली. चाचा आमच्यावरच उखडले. "निवडायचा हक्क काय मला एकट्यालाच आहे?" त्यांनी त्याच्यासाठी मंदी, म्हणजे इथला मटण-भात, मागवली, त्याला पोटभर जेवू घातलं, स्वतः मात्र भाताशी नुसते खेळत राहिले.

मला राहवेना. दुसरा माणूस मिळेपर्यंत रोज सकाळी मी येतो, म्हणालो. चाचांनी मला खुर्चीत बसवलं. परीक्षा ठाऊक असूनही, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी जीभ पोळेपर्यंत चहा प्यालो.

"नापास," चाचा हळूच म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस, बाबा."

घरी येऊन मी बायकोसमोर तक्रार केली, की फुकट राबायला तयार असलेल्या माणसाला कुणी नाकारतं का? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "त्यांना नाकारता तरी आलं. तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?" तिने माझाच सदरा सारखा केला. "हो म्हटलं असतं मी. पण विचारायला हवं होतं."